कळवणचें उळें आणि आपणां सर्वांचें ऋण

चातुर्मास लागण्यापूर्वीं, आषाढ शुद्ध नवमीस, आपल्या घरांतून कांदेनवमी होते. त्या दिवशीं भजीं, झुणका, थालिपीठें असे कांद्याचे नाना प्रकार मनसोक्त खावयाचे आणि पुढें चार महिने कांदा वर्ज्य करावयाचा, ही जुन्या माणसांची रीत. त्याच घरांत एकादशीस वऱ्याचे तांदूळ, ज्यांस आमच्या नाशिक जिल्ह्यांत भगर म्हणतात, ते शिजतात. आणि आजाऱ्याच्या समाचारास जातांना डाळिंबें नेण्याची चाल तर सर्वत्रच आहे. हे तिन्ही जिन्नस ज्या भूमींत पिकतात, तींपैकीं एक म्हणजे आमचा कळवण तालुका होय. तेव्हां आपलें व्रत काय आणि व्रतापूर्वींची चंगळ काय, दोहोंचा संबंध अखेर एका लहान शेतकऱ्याशीं येऊन पोंचतो. परंतु त्या शेतकऱ्याच्या पाठीशीं जें संशोधन उभें असतें, किंवा उभें असावयास पाहिजे, त्याचा खर्च कोण करतो आणि तो करणें कोणाचें कर्तव्य आहे, हा प्रश्न आपल्या माजघरांत सहसा निघत नाहीं. तो निघावा, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम स्थळाची ओळख करून देतों. नाशिकच्या उत्तरेस डोंगररांगांच्या कुशींत कळवण तालुका वसलेला आहे. सप्तशृंगीचा गड ह्याच तालुक्यांत. पश्चिमेच्या डोंगरांतून गिरणा येते. अभोण्याजवळ तिजवर चणकापूरचें जुनें धरण आहे. कळवण, सटाणा, मालेगांव व देवळा ह्या चार तालुक्यांस मिळून लोक 'कसमादे' म्हणतात. सखल भागांत कांदा आणि डाळिंब हीं पैशाचीं पिकें; वर डोंगराळ भागांत कोकणा, भिल्ल इत्यादि आदिवासी कुटुंबें भात, नागली, वरई व खुरासणी काढतात. जमीन बहुतेकांची थोडी, वांटण्या होत होत आणखी थोडी झालेली. एक हंगाम बुडाला तर पुढील हंगामाचें भांडवल बुडतें, आणि दोन बुडाले तर मुलीचें लग्न किंवा मुलाचें शिक्षण पुढें ढकललें जातें, अशी ही स्थिति आहे.

आतां कांद्याचेंच उदाहरण घेऊं. कांद्याचें बियाणें, ज्यास आमच्याकडे उळें म्हणतात, तें दिसावयास काळ्या तिळासारखें; परंतु त्याच्या पोटीं दोन वर्षांचा काळ सांठविलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत उळें टाकावें, पुढें दीड-दोन महिन्यांनीं रोपांची लागण करावी आणि चैत्र-वैशाखांत उन्हाळ कांदा काढावा, हें पहिलें वर्ष. त्यांतील निवडक कांदे हिंवाळ्याच्या तोंडीं पुन्हां जमिनींत लावावे, त्यांस फुलांचे गोंडे येऊं द्यावे, मधमाश्यांनीं पराग वाहून न्यावे, तेव्हां उन्हाळ्यांत बीं हातीं येतें, हें दुसरें वर्ष. मधमाशी शेजाऱ्याच्या बांधाशीं थांबत नाहीं. म्हणून शुद्ध बीं पाहिजे असल्यास दुसऱ्या जातीचीं फुलें बरींच दूर असावीं लागतात. शिवाय हें बीं साध्या हवेंत ठेविलें असतां वर्षभरानंतर उगवणशक्ति झपाट्यानें गमावतें. जेथें गुणी कांद्याची एक पिढी पाहावयास दोन वर्षें लागतात, तेथें अनेक पिढ्यांची निवड, गांवोगांवची चाचणी आणि मग शेतकऱ्यांस पुरेल इतकें बीं, एवढें सर्व होईपर्यंत दहा-पंधरा वर्षें सहज निघून जातात. पहिलींत आलेला मुलगा पदवीधर होऊन बाहेर पडावा, इतका हा काळ आहे. अशा कामास दोन-तीन वर्षांची योजना करून पैसा देणें, म्हणजे मुलास तिसरीपर्यंत शिकवून त्याजकडून पदवीची अपेक्षा करण्यासारखें आहे.

हें दीर्घ काम आमच्या जिल्ह्यांत कोणीं केलें, तें पाहण्यासारखें आहे. निफाड व पिंपळगांव बसवंत येथील सरकारी केंद्रांतून १९६० च्या सुमारास 'एन-५३' व 'एन-२-४-१' ह्या जाती निघाल्या. पहिली खरिपाची, दुसरी रब्बीची व टिकाऊ. १९७७ सालीं नाफेड ह्या सहकारी संस्थेनें व तिच्याबरोबर कांदा परदेशीं पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांनीं राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान स्थापिलें, आणि 'ॲग्रिफाउंड' नांवाच्या जाती त्यांतून आल्या. १९९४ सालीं कांदा व लसूण ह्यांचें राष्ट्रीय संशोधन केंद्र नाशिक येथें निघालें. तें १९९८ सालीं पुणें जिल्ह्यांत राजगुरुनगर येथें गेलें आणि २००८ सालीं त्यास संचालनालयाचा दर्जा मिळाला. 'भीमा शक्ति', 'भीमा किरण' वगैरे जाती तेथील होत. ह्या यादींतील बहुतेक पैसा सरकारचा, म्हणजे तुमचा-आमचा आहे. व्यापाऱ्यांचा जो आहे, तोहि सहकाराच्या मार्गानें आलेला आहे. कोण्या एका सावकाराच्या किंवा कारखानदाराच्या नफ्याच्या आशेनें हें काम उभें राहिलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे.

परंतु चांगली जात मिळाल्यानें काम संपत नाहीं. उन्हाळ कांदा वैशाखांत निघतो आणि त्यास बरा भाव पुष्कळदां पावसाळ्याच्या अखेरीस येतो. तोंपर्यंत तो चाळींत ठेवावा लागतो, आणि चार-सहा महिन्यांत वजन घटून, सडून व कोंब येऊन निम्म्याच्या जवळपास माल जाऊं शकतो. ह्यावर संशोधकांनीं काढलेले उपाय ऐकण्यांत अगदीं साधे आहेत. काढणीपूर्वीं दोन-तीन आठवडे पाणी तोडावें. शेवटच्या काळांत नत्राचें खत देऊं नये. काढलेला कांदा पातीसकट तीन-चार दिवस शेतांतच अशा रीतीनें सुकवावा कीं एकाची पात दुसऱ्या कांद्यास झांकील. पात कापतांना इंचभर मान ठेवावी. चाळ जमिनीपासून उंच व खालून हवा खेळेल अशी बांधावी, आणि ढीग चार-पांच फुटांहून उंच करूं नये. ह्यांतील प्रत्येक वाक्यामागें किती तरी चाळींतील कित्येक महिन्यांचें वजनमाप आहे. २००२ सालापासून लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्राचें विकिरण केंद्रहि आहे. गामा किरणांच्या अल्प मात्रेनें कांद्यास कोंब येणें थांबतें. परंतु किरणांनीं सड थांबत नाहीं, म्हणून चाळीचें शास्त्र तेथेंहि सुटत नाहीं.

आतां वाचकांनीं विचार करावा: 'इंचभर मान ठेवा' हें ज्ञान कोणता व्यापारी बाटलींत भरून विकणार? एका शेतकऱ्यास तें सांगितलें कीं सायंकाळपर्यंत सारा गांव तें जाणतो, आणि कोणी कोणास पैसा देत नाहीं. ज्ञानाचा हा गुण आहे कीं तें दिल्यानें कमी होत नाहीं. परंतु ह्याच गुणामुळें त्याचा बाजार मांडतां येत नाहीं. बियाण्याचेंहि तेंच. संकरित बियाणें दर वर्षीं नवें घ्यावें लागतें, म्हणून खाजगी कंपन्या त्यांत हौसेनें भांडवल घालतात, आणि त्यांत गैर असें कांहीं नाहीं. पण जें उळें शेतकरी आपल्याच शेतांत धरतो, जी नागली आजीनें कणगींत राखून ठेवलेली असते, तिच्यामागें नफा शोधणारा पैसा जात नाहीं. आणि दोन एकरांचा धनी स्वतः प्रयोगशाळा काढील, हें तर संभवतच नाहीं. म्हणजे गरज सर्वांत मोठी, आणि बाजार सर्वांत लहान, असा हा पेंच आहे. तो सार्वजनिक पैशावांचून सुटत नाहीं.

उशीर केल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण डाळिंबानें दिलें आहे. पुण्यास गणेशखिंडीच्या बागेंत डॉ. चिमा ह्यांनीं १९३६ सालीं निवडलेली जात पुढें 'गणेश' ह्या नांवानें प्रसिद्ध झाली, आणि नंतर राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें 'भगवा' ही जात दिली. ह्या दोन जातींनीं कसमादेंतील कित्येक घरांवर पत्र्याच्या जागीं स्लॅब आली. ह्या पिकावर 'तेल्या' नांवाचा रोग पडतो. तो सूक्ष्म जंतूंचा आहे; पानांवर व फळांवर तेलकट डाग पडतात, फळ उलतें, आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर, वाऱ्याबरोबर, छाटणीच्या कात्रीबरोबर व रोगट रोपांबरोबर तो बागेंतून बागेंत जातो. भारतांत ह्या रोगाची पहिली नोंद दिल्ली येथें १९५२ सालीं झाली होती. पुढें कित्येक वर्षें तो किरकोळच मानला गेला. चालूं शतकाच्या आरंभीं महाराष्ट्रांत व कर्नाटकांत त्यानें उग्र रूप धरलें, आणि सोलापूर येथें डाळिंबाचें राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालें तें २००५ सालीं. मध्यंतरीं आमच्या भागांत लोकांनीं पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या बागा स्वतःच्या हातांनीं उपटून बांधावर जाळल्या. बाग गेली तरी तिच्यावरील कर्ज उभेंच राहतें. आज बहाराची वेळ बदलणें, झाडास विश्रांति देणें, रोगमुक्त रोपें वापरणें व बागेंत स्वच्छता ठेवणें ह्या उपायांनीं रोग आवरतां येतो. परंतु एका फवाऱ्यानें जाईल असें औषध नाहीं. घर पेटल्यावर विहीर खणूं नये, हें आपण मुलांस सांगतों; राष्ट्रासहि तोच न्याय लागू आहे.

संशोधन एकदां करून भागतें, अशीहि कित्येकांची समजूत असते. ती बाजरीनें खोटी ठरविली आहे. अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत टिफ्टन येथें तयार झालेल्या एका मातृवाणाच्या आधारें लुधियान्यास 'एचबी-१' ही संकरित बाजरी निघाली व १९६५ सालीं ती शेतकऱ्यांच्या हातीं आली. पीक खूप वाढलें, आणि थोड्याच वर्षांत, १९७० नंतर, केवडा रोगानें (त्यास कोठें कोठें गोसावी म्हणतात) तीं शेतें उध्वस्त केलीं. जंतूहि आपला अभ्यास करीत असतात आणि त्यांस सुटी नसते! १९७२ सालीं हैदराबादजवळ पाटणचेरू येथें 'इक्रिसॅट' ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिनें आफ्रिकेंतील टोगो देशाच्या वाणांतून निवडलेली 'आयसीटीपी ८२०३' ही बाजरी १९८८ सालीं महाराष्ट्रांत आली. तिच्याच वंशांतून इक्रिसॅट व राहुरी विद्यापीठ ह्यांनीं मिळून अधिक लोह असलेली 'धनशक्ति' ही जात काढली व ती २०१२ सालीं प्रसृत झाली. टोगोंतील कोण्या अज्ञात शेतकरणीनें पिढ्यानुपिढ्या जपलेलें कणीस महाराष्ट्रांतील बाळंतिणीच्या भाकरींत लोह घालतें! वसुधैव कुटुंबकम् ह्या उक्तीचा ह्याहून सरळ अर्थ आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

येथें दोन आक्षेप येतात, आणि ते हलके नाहींत. पहिला असा कीं, शेतकऱ्यास संशोधन नको, भाव पाहिजे. पीक वाढलें कीं भाव पडतो, मग जास्त पिकवून लाभ कोणाचा? ह्यांत तथ्य आहे. कांदा मातीमोल झाला म्हणून तो रस्त्यावर ओतलेला आम्हीं कळवणांत पाहिला आहे. परंतु ह्यावरून संशोधन नको असें निघत नाहीं. कोणतें संशोधन पाहिजे, तें निघतें. जें टिकवितें, खर्च कमी करतें, रोग टाळतें व एका पिकावरचें अवलंबन घटवितें, तें लहान शेतकऱ्यास भाव पडला असतांहि तारतें. शिवाय ह्या आक्षेपांतूनच एक दुसरा न्याय सिद्ध होतो. पीक वाढून माल स्वस्त झाला म्हणजे मोठा लाभ खाणाऱ्याच्या पदरीं पडतो, म्हणजे आपल्या. आणि लाभ ज्याचा, खर्चहि त्याचाच असावा. शहरांतील घरानें शेतीसंशोधनास दिलेला कर हा शेतकऱ्यावर उपकार नव्हे. तो वाण्याच्या उधारीसारखा आहे, चुकता करावयाचा.

दुसरा आक्षेप असा कीं, संशोधन विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर येतच नाहीं, आणि आलें तरी मोठ्या बागाइतदाराच्याच दारीं थांबतें. हाहि खरा आहे, विशेषतः जेथें वाट डोंगराची आहे. नाशिक येथें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या आश्रयानें कृषि विज्ञान केंद्र चालतें; अशीं केंद्रें देशांत प्रायः प्रत्येक जिल्ह्यांत आहेत. परंतु एका जिल्ह्याचें केंद्र म्हणजे शेंकडों गांवांस मूठभर माणसें. प्रयोगशाळेंत रुपया घालून तो शेतापर्यंत नेण्यास आणा न देणें, ही काटकसर नव्हे. आमच्या शिकविण्याच्या काळांतला अनुभव हाच कीं, पुस्तक छापलें म्हणजे धडा समजला असें होत नाहीं. कोणी तरी फळ्यापाशीं उभें राहावें लागतें.

मग पैसा कोठून यावा? ह्यास इतिहासांत निरनिराळीं उत्तरें आहेत. १९०५ सालीं बिहारांत पुसा येथें जी कृषिसंशोधन संस्था निघाली, तिच्या मुळाशीं हेन्री फिप्स ह्या अमेरिकन गृहस्थाची देणगी होती. १९३४ च्या भूकंपानंतर तीच संस्था दिल्लीस आली. १९२१ सालीं भारतीय मध्यवर्ती कापूस समिति स्थापन झाली, आणि १९२३ च्या कायद्यानें कापसाच्या प्रत्येक गांठीवर अल्पशी पट्टी बसवून तिचा खर्च चालविण्यांत आला. पिकानेंच पिकाच्या विद्येचा खर्च द्यावा, ही ती कल्पना. १९२९ सालीं शाही कृषि आयोगाच्या शिफारसीवरून आजची भारतीय कृषि अनुसंधान परिषद जन्मली. मेक्सिकोंत १९४३ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या पैशानें जें काम सुरू झालें, त्यांतून डॉ. नॉर्मन बोरलॉग ह्यांचे खुजे गहू निघाले. १९६६ सालीं भारतानें त्यांचें १८,००० टन बियाणें आणविलें, आणि देशाची परान्नावरील भिस्त कमी होऊं लागली. १९७१ सालीं अशा आंतरराष्ट्रीय संस्थांस सतत पैसा मिळावा म्हणून अनेक राष्ट्रांचा व प्रतिष्ठानांचा एक संघ निर्माण झाला. तोच आजचा 'सीजीआयएआर'.

परंतु परक्याची ओंजळ केव्हां आखडेल, हें सांगतां येत नाहीं. २०२५ सालीं अमेरिकेच्या सरकारनें आपलें परदेशी मदतीचें खातें बंद केलें, आणि त्या पैशावर गरीब देशांच्या पिकांसाठीं तेथील विद्यापीठांत चाललेल्या अनेक प्रयोगशाळांचें काम एकाएकीं थांबलें. बारा वर्षांच्या कामांतील आठव्या वर्षीं पैसा थांबला, तर आठ वर्षें जमेस धरतां येत नाहींत. तीं वायां जातात. आपल्या देशाची स्थितिहि समाधानकारक नाहीं. शेतीच्या एकंदर उत्पन्नाचा शेंकडा एक भाग तरी संशोधनावर लागावा, असें जाणते लोक वारंवार सांगत आले आहेत. आपण तेथवर अद्याप पोंचलों नाहीं. कृषि विद्यापीठांत जागा रिकाम्या असल्याच्या बातम्या आपण वाचतों आणि पान उलटतों.

सर्वांत उपेक्षित आहेत तीं डोंगरावरचीं पिकें. नागली, वरई व खुरासणी हीं मुरमाड उतारावर, थोड्या खतांत येतात. राहुरी विद्यापीठानें वरईची एक जात काढून तिला 'फुले एकादशी' असें समर्पक नांव दिलें आहे, आणि खुरासणीचें काम इगतपुरीच्या केंद्रांत होतें. तरीहि कांदा-उसाच्या मानानें हा प्रयत्न अल्पच. २०२३ हें वर्ष जगानें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. वर्ष सरलें, धान्यांची गरज सरली नाहीं. ह्या बाबतींत शिकविणारे केवळ पदवीधरच असतात असेंहि नाहीं. अकोले तालुक्यांतील कोंभाळणें येथील श्रीमती राहीबाई पोपेरे ह्यांनीं शाळेची पायरी न चढतां गांवठी वाणांची बीजपेढी उभी केली, आणि २०२० च्या पद्मश्री सन्मानांत त्यांचें नांव आलें. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्याचा बीं राखण्याचा, वापरण्याचा व देण्याघेण्याचा हक्कहि मान्य केला आहे. संशोधक व अशीं राखणदार माणसें एकत्र बसतील, तेथें पैसा सर्वांत चांगला फळेल, असें आमचें मत आहे.

आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनीं काय करावें? ज्यांचीं गांवीं शेतें आहेत, त्यांनीं दोन गुंठे जमीन विद्यापीठाच्या चाचणीस द्यावी. नव्या जातीची परीक्षा लहान शेतकऱ्याच्या पोटावर होण्यापेक्षां आपल्या बांधावर झालेली बरी. ज्यांचीं मुलें परदेशीं वा मोठ्या पगारावर आहेत, त्यांनीं वडिलांच्या स्मरणार्थ देवळास पायरी देतांना एखाद्या कृषि महाविद्यालयांतील डोंगरी भागच्या विद्यार्थ्याची फी देण्याचाहि विचार करावा. मत मागावयास येणाऱ्यास कांद्याचा भाव विचारतां, तसें संशोधनास किती दिलें, हेंहि विचारावें. आणि मुलांपैकीं एखादा शेतीचें शास्त्र शिकूं म्हणाला, तर घरानें नाक मुरडूं नये.

आपल्या शास्त्रांनीं मनुष्यावर तीन ऋणें सांगितलीं: देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. पैकीं ऋषिऋण अध्ययनानें फिटतें, असें म्हटलें आहे. बियाणें माघ-फाल्गुनांत गोळा करून उन्हांत वाळवून जपावें, असें 'कृषिपराशर' ह्या जुन्या संस्कृत ग्रंथांत सांगणारा जो कोणी होता, तो ऋषिच. आणि चाळींतील कांदे दर महिन्यास तोलून वहींत मांडणारा आजचा संशोधकहि त्याच परंपरेंतला. जे अध्ययन करूं शकतात त्यांनीं तें करावें. जे करूं शकत नाहींत त्यांनीं करणाऱ्याच्या दिव्यांत तेल घालावें. उन्हाळ कांद्याचें उळें टाकण्याचा काळ ठरलेला असतो. तो हुकला म्हणजे मागाहून कितीहि पाणी दिलें तरी कांदा पोसत नाहीं. संशोधनाच्या पैशाचेंहि तसेंच आहे.